माणूस ‘ऑफरोड’ कुठे दाखवायचा?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



२०२४ मध्ये राज्याच्या आपत्कालीन रुग्णवाहिका सेवेची नवी योजना ठरली, तेव्हा तिच्यातले एकेक चाक मोजलेले होते. २५५ अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट, १२७४ बेसिक लाइफ सपोर्ट, ३६ नवजात बालकांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ बोटी, एकूण १७५६. २०१४ च्या जानेवारीत ‘१०८’ क्रमांकाची ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. या योजनेवर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत भरपूर धुरळा उडाला. गाडीची किंमत काय, ठेका कोणाला, मुदत किती, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. फक्त त्या गाडीत पुढे बसणारा पायलट आणि मागे उभा राहणारा डॉक्टर सलग किती तास जागा असतो, हा प्रश्न त्या धुरळ्यात कुठे दिसला नाही. म्हणून हे पत्र.

गाडीचा टायर गेला, ऑक्सिजनची लाइन गळू लागली, ब्रेकचे काम निघाले, की ती ‘ऑफरोड’ दाखवतात. पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षातून मग त्या गाडीला कॉल जात नाही. यंत्राला विश्रांती लागते हे व्यवस्थेने मान्य केले आहे. पण रिलीव्हर आला नाही म्हणून दुसरी पाळीही ओढणारा डॉक्टर, किंवा रात्री दोन अपघात उचलून सकाळी पुन्हा स्टिअरिंगवर बसलेला पायलट, यांना ऑफरोड दाखवण्याची सोय कोणत्या पडद्यावर आहे? गाडी उभी आहे, डिझेल आहे, माणसे आत आहेत; सेवेच्या लेखी ती गाडी तयार.

महाराष्ट्राने एक निर्णय इतर राज्यांपेक्षा वेगळा घेतला होता आणि तो धाडसाचा होता. हैदराबादहून २००५ मध्ये सुरू झालेली १०८ ची पद्धत देशभर पसरली, ती प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या, म्हणजे ‘ईएमटी’च्या जोरावर. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टरच बसवला. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. त्यांना आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण देऊन रस्त्यावर उतरवले गेले. रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. गडचिरोलीतल्या पाड्यावरच्या रुग्णाकडे डॉक्टर आला, तो गाडीतून. मात्र या डॉक्टरला पुढे जायला शिडी ठेवली गेली नाही. पाच वर्षे काढली काय आणि दहा काढली काय, हुद्दा तोच, करार तोच आणि लग्नाच्या बोलणीत येणारा प्रश्नही तोच: ‘पर्मनंट आहे का?’

या कामाचा ताण नेमका कुठे साठतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. लोकांना वाटते, रक्त पाहून माणूस खचत असेल. रक्ताची सवय होते. सवय होत नाही ती एकटेपणाची. इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत हृदय बंद पडलेला रुग्ण आला, तर चार हात पुढे येतात. छातीवर दाब देण्याचे काम मिनिटाला १०० ते १२० या गतीने करायचे असते, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्यानंतर दमलेल्या हातांचा जोर कमी पडतो. आता चालत्या रुग्णवाहिकेची कल्पना करावी. दार बंद. पायलट पुढे. मागे एक डॉक्टर, स्ट्रेचरवर रुग्ण, आणि बाकड्यावर ‘डॉक्टर, काहीतरी करा हो’ म्हणणारा रुग्णाचा मुलगा. दोन मिनिटे होतात, चार होतात, दहा होतात. हात बदलायला माणूसच नाही. वळणावर स्वतःचा तोल सावरायचा, सलाइनची बाटली सांभाळायची, पुढच्या इस्पितळाला फोन लावायचा आणि मुलाला खोटा धीरही द्यायचा नाही. सिव्हिलला पोहोचल्यावर कागदावर दोन शब्द पडतात: ‘ब्रॉट डेड’. त्या आधीची चाळीस मिनिटे त्या कागदावर येत नाहीत. डॉक्टर खाली उतरतो, पायलट बादलीभर पाण्याने मागचा भाग धुतो आणि फोन वाजतो. पुढचा कॉल.

याच्या जोडीला अंतर आहे. भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्कच तुटतो. नंदुरबारच्या सातपुड्यात अनेक पाड्यांपर्यंत गाडी जातच नाही. बाईला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात आणि तिथे गाडी वाट पाहत असते. २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याची ती वाट तिच्या मृत्यूने संपली. त्या बातमीने राज्य हळहळले ते योग्यच. पण अशाच वाटांवर रोज जाणाऱ्या गाडीतल्या माणसांचे काय होते? प्राथमिक आरोग्य केंद्राने ग्रामीण रुग्णालयाला रेफर करायचे, ग्रामीणने उपजिल्ह्याला, उपजिल्ह्याने सिव्हिलला, सिव्हिलने ‘मेडिकल’ला. प्रत्येक टप्प्यावर बेड नसण्याचा राग ज्याच्या अंगावर येतो, त्याच्या हातात बेड कधीच नसतो.

रुग्ण पोहोचवून गाडी रिकामी परत येते तेव्हा सायरन बंद असतो. खरी धास्ती त्या परतीच्या रस्त्याची.

या धास्तीला शास्त्राचा आधार आहे. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. २४ तास जागरणानंतर ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला येते. आता आपला मोटार वाहन कायदा पाहावा. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल सापडले, की चालक गुन्हेगार. नाक्यावर पोलीस तोंडात नळी घालून पाहतो. झोप मोजण्याची नळी कोणाकडे नाही. एसटी आणि मालट्रक चालवणाऱ्यांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ठरवून दिले होते. तो कायदा सर्वत्र पाळला गेला असे कोणी म्हणणार नाही. पण मुंबईला कांदा नेणाऱ्या ट्रकचालकाच्या झोपेचा विचार या देशाने पासष्ट वर्षांपूर्वी केला होता. व्हेंटिलेटरवरचे बाळ नेणाऱ्या पायलटसाठी तेवढाच कडक, तेवढाच तपासता येणारा नियम असायला हरकत कोणाची आहे?

ज्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात, तो शब्द आता ऑफिसातल्या कंटाळ्यालाही सर्रास वापरला जातो. त्याचा उगम मात्र याच वर्तुळातला आहे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो मांडला, तो दुसऱ्यांसाठी झटणाऱ्या, हळूहळू कोरड्या पडत गेलेल्या कार्यकर्त्यांना पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली, तीही विचार करून. हा आजार नाही, असे ती म्हणते. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी ही अवस्था. तिची लक्षणे तीन: शक्ती संपून जाणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. या व्याख्येत दोष कर्मचाऱ्याच्या मनाचा नाही, ताण हाताळणाऱ्याचा आहे. आणि मंत्रिमहोदय, राज्यातल्या या सेवेचा अंतिम धनी ठेकेदार नव्हे, आपले खाते आहे.

मधले लक्षण फार फसवे असते. ज्या डॉक्टरला नातेवाईक ‘दगड’ म्हणतात, जो अपघाताच्या जागी कोरड्या आवाजात ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ एवढेच बोलतो, तो मुळात तसा नसतो. पहिल्या वर्षी तोच डॉक्टर रुग्णाची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी सिव्हिलला फोन करत असे. मग ते फोन थांबतात.

जगभरातल्या २७ अभ्यासांचा, तीस हजारांहून अधिक रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावविकार, १५ टक्क्यांमध्ये नैराश्य, तेवढ्यांमध्येच चिंताविकार आणि २७ टक्क्यांमध्ये सर्वसाधारण मानसिक त्रास आढळला. हे आकडे प्रामुख्याने श्रीमंत देशांतले, जिथे पाळी संपली की बदली माणूस येतो. महाराष्ट्राचा आकडा काय, हे शोधण्याचे काम आपले खाते एका परिपत्रकाने सुरू करू शकते.

आता दोन प्रसंग. १ जुलै २०२३ ची पहाट, समृद्धी महामार्ग, सिंदखेड राजाजवळ. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. त्याच महिन्यात, १९ तारखेच्या रात्री, रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गाडीचा रस्ता पायथ्याशी संपत होता. वर चढायचे ते चिखलातून, पायी. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. दोन्ही ठिकाणी मंत्री आले, मदत जाहीर झाली. हे सगळे आवश्यकच. मात्र अशा जागी तासन्‌तास उभे राहिलेल्या, ओळख पटणार नाही असे देह उचललेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी कोणी विचारावे, सुट्टी हवी का, असा शिरस्ता आपल्याकडे नाही. सैन्यात तुकडी मागे घेतात. रुग्णवाहिका बेसवर परतते, म्हणजे पुढच्या कॉलसाठी मोकळी होते.

घराकडे यायला हवे, कारण या ताणाचा निम्मा हिशेब तिथेच चुकता होतो. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी पोहोचलेला पायलट दोन खोल्यांच्या घरात झोपतो कसा, हे एकदा पाहण्यासारखे आहे. बाहेर भोंगा, आत मिक्सर, शाळेला निघालेल्या पोरांना आईचे दटावणे: ‘हळू बोला, बाबा झोपलेत.’ पोरे हळू बोलायला शिकतात; मग बाबांशी बोलायचीच सवय सुटते. सण तर या घरात उलटेच येतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाजलेली मुले, अनंत चतुर्दशीला बुडालेली पोरे, आषाढीला पालखीमार्गावरचा बंदोबस्त. दुसऱ्यांचा सण म्हणजे यांची जादा ड्यूटी. बहिणीच्या लग्नाला हळदीपर्यंत थांबून परतलेले, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवलेले किती तरी जण या गाड्यांमध्ये आहेत.

‘काय झालं आज?’

‘काही नाही, नेहमीचंच.’

हा संवाद फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडातील संशोधक शेरिल रेगर यांनी २००५ मध्ये पॅरामेडिकांच्या जोडीदारांना बोलते केले, तेव्हा त्यांनीही हेच सांगितले: पाळ्यांनी विस्कटलेले घर, उशिरा येणारा आणि आल्यावर गप्प होणारा किंवा क्षुल्लक कारणावरून भडकणारा माणूस, आणि त्याच्या सुरक्षिततेची कायमची भीती. इथे त्यात महाराष्ट्राची भर पडते ती पगाराची आणि कराराची. घरकर्जाला बँक पगारपत्रक मागते. सासरे विचारतात, सरकारी गाडीवर आहात तर सरकारी नोकर का नाही? महिला डॉक्टरची अडचण आणखी वेगळी. रात्री दोनला अनोळखी वस्तीवर, गाडीत एकटी बाई. बेसवर स्वच्छतागृह धड नाही. आणि घरी लेकराला ताप असेल तर ‘आज येऊ शकत नाही’ हे वाक्य उच्चारायलाच जड, कारण आपल्याऐवजी येणारे कोणी नाही हे तिलाच सर्वांत आधी ठाऊक असते. मग काहीजणी सोडून जातात. व्यवस्था त्याला ‘वैयक्तिक कारण’ म्हणते.

मारहाणीचा विषय थोडक्यात. रुग्णसेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील इस्पितळात महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्याच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. ही सगळी चर्चा मुख्यतः इस्पितळाच्या फाटकाच्या आत फिरली: सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, विश्रांतीकक्ष. ज्याचे कामाचे ठिकाण दर तासाला बदलते, त्याच्या नशिबी ना कॅमेरा ना रक्षक. ‘इतका उशीर का?’ म्हणत जमाव काच फोडतो, तेव्हा उशीर कॉल मिळण्यात झाला, वाहतुकीत झाला की आधीच्या रुग्णाला सोडण्यात, हे सांगायलाही संधी नसते.

यावर उपाय म्हणून तणावमुक्ती शिबिर भरवले जाईल, अशी पत्रलेखकाला मनापासून भीती वाटते. रविवारी सभागृह, स्वागताला गुलाबपुष्प, एक वक्ता, हास्ययोग, दुपारी पुरीभाजी आणि संध्याकाळी फोटो. म्हणजे आठवड्याची एकुलती सुट्टीही गेली. आघातानंतर माणसाला एकदाच बसवून बोलते करण्याच्या पद्धतीवर, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा आहे. आघातोत्तर तणावविकार टळतो असा पुरावा त्यात मिळाला नाही, आणि काहींच्या बाबतीत नुकसान होण्याची शक्यता दिसली. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, तो चांगलाच आहे. पण एका कॉलवरून दुसऱ्या कॉलला धावणारा माणूस तो केव्हा फिरवणार?

काम करते ते अधिक साधे आणि अधिक चिकाटीचे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या रुग्णवाहिका सेवेने १९९० च्या दशकापासून ‘प्रायॉरिटी वन’ नावाची व्यवस्था चालवली आहे. सेवेतलेच, गाडीवर काम केलेले सहकारी निवडून त्यांना ऐकण्याचे प्रशिक्षण द्यायचे. त्यांच्यामागे व्यावसायिक समुपदेशक उभे करायचे. आणि ही मदत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबालाही खुली ठेवायची. महाराष्ट्रात हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. दहा वर्षे गाडीवर काढलेले पायलट आणि डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना आज कोणतेच पुढचे पद नाही. हे पद त्यांना द्यावे. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही सरकारचेच.

तरीही पहिली मागणी झोपेची आहे, बोलण्याची नंतर. असे ठेके वेळेच्या मोजमापावर चालतात: शहरात इतक्या मिनिटांत, खेड्यात इतक्या मिनिटांत, उशीर झाला तर दंड. त्याच करारात एक कलम वाढवावे. कोणताही पायलट किंवा डॉक्टर सलग बारा तासांपेक्षा जास्त कामावर आढळला, दोन पाळ्यांमध्ये दहा तासांची सलग विश्रांती मिळाली नाही, तर त्यालाही दंड, आणि तो गाडी उशिरा पोहोचल्याच्या दंडापेक्षा जड. राखीव माणसे किती नेमायची याचे प्रमाण करारातच लिहावे. आज रिलीव्हर नेमणे ठेकेदाराला तोट्याचे आणि न नेमणे फुकटाचे आहे. हे गणित उलटे झाल्याशिवाय बाकी सारे बोलणे फिजूल. याला पैसा लागेल. गाड्या दुप्पट करताना पैसा लागतो हे कोणाला नवीन नव्हते.

दुसरे, माणसाला ऑफरोड होण्याचा अधिकार द्यावा. मूल हातात दगावले, सामूहिक अपघात झाला, मारहाण झाली, तर गाडीतल्या दोघांनाही काही तास कॉल न घेण्याची मुभा, पगार न कापता, कारणे दाखवा नोटीस न देता. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्यासाठी एक खूण लागेल. टायरसाठी आहेच.

आणि सर्वांत आधी, खर्च काहीच नसलेले एक काम. येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी आपल्या खात्याने एका महिन्याचे, सर्व जिल्ह्यांचे ड्यूटी रजिस्टर मागवावे. कोण कधी चढला, कधी उतरला, मध्ये किती तास गेले, एवढेच त्यातून काढावे आणि नावे वगळून सभागृहाच्या पटलावर ठेवावे. हजेरी, जीपीएस, कॉलची वेळ, सगळे आधीपासून संगणकात असते. नव्या समितीची गरज नाही. गडचिरोली, नंदुरबार आणि अमरावतीचे तक्ते स्वतंत्र दिले तर बरे, कारण सरासरीत मुंबई-पुण्याची छोटी अंतरे मिसळली की डोंगरातला माणूस दिसेनासा होतो.

उत्तराची प्रत रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या युनियनकडेही जावी. त्यांच्याही हातात एक आकडा येईल.

कळावे,

आपल्या राज्यातला एक करदाता,
ज्याने आजवर जेव्हा १०८ फिरवला, तेव्हा कोणीतरी आले आहे